वन एम 'क्लासिक' झाली का हो, की नुसतीच महाग जुनी गाडी?

इसारकाठी (धागाकर्ता)

आज आमच्या इमारतीच्या आवारात दोन म्हाताऱ्यांची चांगलीच जुंपली. कारण काय, तर एक नारिंगी गाडी. म्हणून हा धागा.

मी म्युनिकला राहतो. तळमजल्यावर एक निवृत्त आजोबा आहेत, त्यांच्याकडे बीएमडब्ल्यूची 'वन एम' आहे, २०११ची. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: पूर्ण नाव '१ सिरीज एम कूपे', एम म्हणजे कंपनीचा वेगवान गाड्यांचा विभाग. सरळ 'एम१' म्हणायची सोय नव्हती, कारण ते नाव १९७८च्या एका गाडीने आधीच घेऊन ठेवलेलं. छोट्या १ सिरीजला मोठ्या एम३चे ॲक्सल आणि चाकं लावली, चाकं बाहेर डोकवायला लागली म्हणून मडगार्ड फुगवले, पुढे तीन लिटरचं ट्विन टर्बो इंजिन, ३४० अश्वशक्ती. गियर सहा, तेही हातानेच टाकायचे. ऑटोमॅटिक मिळतच नव्हती. रंग तीनच. २,७०० गाड्या बनवायचा बेत होता, बनल्या ६,३०९.

आजोबा रविवारी सकाळी तिचं कव्हर काढतात. कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याची घडी घालतात, आई नऊवारीची घालायची तशी. मग गाडी चालू करून पाच मिनिटं नुसते शेजारी उभे राहतात. एसीचं भोक पुसतात.

आज ते कोणालातरी म्हणाले, "ही माझी क्लासिक." तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी ऐकलं. त्यांच्याकडे बीएमडब्ल्यूची '२००२' नावाची १९७२ची गाडी आहे, रीतसर ओल्डटायमर, म्हणजे कायद्याने ऐतिहासिक ठरलेली, एच नंबरप्लेटवाली. ते गॅलरीतून ओरडले, "क्लासिक कसली, महागडी सेकंडहँड आहे ती!" पुढचा अर्धा तास मी कचऱ्याची पिशवी हातात घेऊन ऐकत उभा.

तर प्रश्न असा. आपल्या डोळ्यांदेखत निघालेली, थोडक्या संख्येत बनलेली वेगवान गाडी क्लासिक कधी म्हणायची? वयावरून, किमतीवरून, की कोणी शिक्का मारावा लागतो?

फायनल_पासिंग

नियमाने बोलायचं तर उत्तर सोपं आहे, फक्त प्रत्येक देशाचं वेगळं.

ऐतिहासिक गाड्यांची जागतिक संघटना फिवा किमान ३० वर्षं धरते. शिवाय गाडी मूळ रूपात जपलेली हवी आणि रोजच्या ये-जा करण्याची नको. जर्मनीत एच प्लेटला तीच ३० वर्षांची अट. तपासनीस गाडी बघून दाखला देतो, मग इंजिन केवढंही असो, वर्षाचा कर सरसकट १९१ युरो ७३ सेंट. ब्रिटनमध्ये ४० वर्षं झाली की रोड टॅक्स माफ. अमेरिकेतली २५ वर्षं ही आयातीची सवलत आहे, तिचा क्लासिकपणाशी संबंध नाही. लोक गल्लत करतात.

आपल्याकडे २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं. तेव्हा नंबरात 'व्हीए' अक्षरं मिळतात. फी २० हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोज ऑफिसला न्यायची नाही.

म्हणजे तुमच्या आजोबांची गाडी जर्मनीत २०४१ला. भारतात असती तर २०६१ला.

कर्वे_रोड_सिग्नल

२०६१ला मी स्वतः व्हीए सिरीजमध्ये असेन.

चार_सिलिंडर_निष्ठ

राग येईल, पण बोलतो. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा बरोबर आहेत, कारण मात्र चुकीचं देतायत. प्रश्न वयाचा नाहीच.

एम३ची पहिली पिढी, ई३० एम३ घ्या. ग्रुप ए नावाच्या वर्गातल्या शर्यतीत उतरायचं तर ५,००० गाड्या रस्त्यासाठी बनवणं भाग होतं, म्हणून ती गाडी जन्माला आली. बॉनेट सोडलं तर बाहेरचा जवळजवळ प्रत्येक पत्रा वेगळा. मागची काचसुद्धा हवेसाठी वेगळ्या कलाने बसवली. इंजिन एस१४, एम विभागाने स्वतः घडवलेलं. १९८७ला रॉबेर्तो राव्हाल्या त्याच गाडीत जागतिक टूरिंग कार विजेता झाला. याला म्हणतात वंशावळ.

वन एमचं इंजिन कुठलं? एन५४. तेच बीएमडब्ल्यूच्याच ३३५आयला, तेच झेड४ला. ॲक्सल एम३चे, चाकं एम३ची. गोदामात होतं ते सामान एकत्र करून केलेली मिसळ आहे ती.

कर्वे_रोड_सिग्नल

मिसळीला नावं ठेवायची नाहीत. धागा कोल्हापूरकरही वाचतायत.

इसारकाठी

@चार_सिलिंडर_निष्ठ, मिसळ आहे हे मान्य. पण मी तिच्यात बसलोय. दुसऱ्या गियरमध्ये ओल्या रस्त्यावर ती मागून जी सरकते, त्यावरून हे कोणीतरी जमवून बनवलंय असं अजिबात वाटत नाही. आणि राव, ती निघाली तेव्हाच सगळे 'इन्स्टंट क्लासिक' म्हणत होते.

चार_सिलिंडर_निष्ठ

इन्स्टंट असते ती कॉफी.

लसूणचटणी

आमच्या घरात हा प्रश्न कित्येक वर्षं प्रलंबित आहे, म्हणून खास लॉगिन करून लिहितेय.

नवऱ्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, २००५ची, काळी. १.८ टर्बो, १५० अश्वशक्ती. हा आकडा मला पाठ आहे, कारण पाहुणे आले की चहाच्या आधी तो सांगितला जातो. गाडी नाशिकजवळ सासरच्या मळ्यात शेडमध्ये उभी असते. एका बाजूला द्राक्षाचे क्रेट, दुसऱ्या बाजूला फवारणीचा ब्लोअर. बॉनेट उघडलं की आत तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या आणि एका कोपऱ्यात हिंगाची रिकामी डबी. हे सगळं उंदरांसाठी. तरी मागच्या पावसाळ्यात उंदराने वायरिंग खाल्लंच. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, उंदीरपण टर्बोचा शौकीन दिसतोय." बिल काय आलं ते मला आठवडाभर सांगितलं नव्हतं.

२०२०ला पंधरा वर्षं झाली तेव्हा ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षं वाढवून घेतली. आता तीही संपली. परत आरटीओ, परत टॅक्स. मी म्हणते विका. तो म्हणतो, "थांब, क्लासिक होतेय."

तर किती थांबायचं, एवढंच कोणी सांगा.

फायनल_पासिंग

२०५५.

लसूणचटणी

धन्यवाद. प्रिंट काढून फ्रीजवर लावते.

टेम्सपलीकडे

@चार_सिलिंडर_निष्ठ यांच्या वंशावळीच्या मुद्द्याशी असहमत. बीएमडब्ल्यूचंच उदाहरण देतो, ई४६ पिढीच्या एम३ची हलकी आवृत्ती, सीएसएल. २००३ची गाडी, फक्त १,३८३ बनल्या, त्यातल्या ४२२ आमच्या इकडे ब्रिटनला आल्या. नेहमीच्या एम३पेक्षा ११० किलो हलकी. छत कार्बनचं, मागची काच पातळ, डिकीचा तळ चक्क पुठ्ठ्यासारख्या मालाचा. किंमत मात्र ५८ हजार पौंडांच्या वर, म्हणजे साध्या एम३पेक्षा खूपच जास्त, आणि त्यात एसी-रेडिओसुद्धा मागितले तरच. टायर असे की पावसात जपून चालवीन अशा कागदावर गिऱ्हाइकाची सही घ्यायचे.

तेव्हा इथली मंडळी काय म्हणत होती? सामान काढून घेतलं आणि दाम वाढवून लावलं. गियरबॉक्सलाही यथेच्छ शिव्या पडल्या. माझा एक सहकारी २००८च्या सुमारास एक घ्यायला निघाला होता, बायकोने पुठ्ठ्याची डिकी बघितली आणि विषय संपला. आज तो माणूस त्या गाडीचं नाव काढलं की खोली सोडून जातो.

आता ती निर्विवाद क्लासिक धरली जाते. रेस-बीस काही जिंकली म्हणून नाही. नंतरच्या एम गाड्या दर पिढीला जड होत गेल्या, मग लोकांना कळलं की त्या वेळी आपल्या हातात काय होतं. एखादी गाडी क्लासिक ठरते ती बऱ्याचदा तिच्या मागून आलेल्या गाड्यांमुळे. सून घरात आल्यावर सासू चांगली वाटायला लागते, तसं काहीसं.

लसूणचटणी

शेवटच्या वाक्याचा निषेध. बाकी प्रतिसाद आवडला.

टेम्सपलीकडे

हलके घ्या ताई. उलटंही चालेल.

हायवे_१०१

नियम क्लासिकपणा ठरवत नाहीत हे पुस्तकात ठीक. बाजारात नियमच ठरवतात.

निसान स्कायलाइन जीटी-आर अमेरिकेत कधी अधिकृत विकलीच गेली नाही. कारखान्यातून निघून २५ वर्षं झाल्याशिवाय तशी गाडी इथे आणता येत नाही; वय बनल्याच्या महिन्यापासून मोजतात. तिची आर३२ पिढी ऑगस्ट १९८९ची, म्हणून २०१४ला दार उघडलं. आर३४ पिढी जानेवारी १९९९ची, म्हणजे २०२४. जपानमध्ये वर्षानुवर्षं 'जुनी निसान' म्हणून फिरत असलेल्या गाड्या इथली तारीख जवळ यायला लागली तशा कंटेनरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, आणि भाव तर त्याच्याही आधीपासून चढत गेले. माझ्या ऑफिसात एकाने आर३४ जपानमध्ये घेऊन तिथेच गोदामात भाड्याने ठेवली होती, नुसती वाढदिवसाची वाट बघत. दर महिन्याला भाडं भरायचा आणि फोटो मागवायचा. परदेशात शिकायला ठेवलेल्या मुलीसारखं.

पण मूळ कारण वेगळंच आहे असं माझं मत. १९९८-९९ला जी पोरं प्लेस्टेशनवर स्कायलाइन पळवत होती, ती आज चाळिशीत आहेत. घराचे हप्ते आवाक्यात आलेत. आता त्यांना ती खरी गाडी हवीय. गाडी जुनी होऊन भागत नाही, तिच्यावर जीव टाकलेल्या पोरांच्या खिशात पैसे यावे लागतात. मग ती क्लासिक. पूर्वी पोस्टर होती, आता कन्सोल, एवढाच फरक.

बोनेटखालचा_उंदीर

+१. पोस्टरवाली थिअरी पटली. माझ्या खोलीत मॅकलरेन एफ१ होती. तिच्यावर शाईचा डाग पडला म्हणून धाकट्या भावाला बदडलं होतं.

@लसूणचटणी ताई, वायरिंगशी माझा काही संबंध नाही.

काळीपिवळी

ही थिअरी मला अर्धीच पटते.

आमच्या घरी पोस्टर वगैरे काही नव्हतं, आजोबांची टॅक्सी होती. प्रीमियर पद्मिनी. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३मध्ये ती रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात ज्यांनी आयुष्यभर "अरे यार, पद्मिनी नको, सँट्रो थांबव" केलं, ती माणसं फोटो काढायला धावली. ना दुर्मिळ, ना वेगवान, स्टिअरिंगवरचा गियर अडकला की ड्रायव्हरबरोबर गिऱ्हाइकाचाही जीव जायचा. तरी आज हॉर्निमन सर्कलच्या रॅलीत कोणी एखादी स्वच्छ पद्मिनी आणली तर गर्दी रोल्सपेक्षा तिच्याभोवती जास्त.

पद्मिनी बनायची त्याच कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट पॅलिओ निघाली. तिची १.६ जीटीएक्स म्हणजे त्या काळातली आपली गरिबाची स्पोर्ट्स कार, १०० अश्वशक्ती. वर सचिनच्या सहीची 'एस१०' काढली, फक्त ५०० गाड्या. सांगा बरं, यातल्या किती जणांनी आपली जपली? दुर्मिळ आहे, वेगवान होती, सचिनचं नाव आहे. आणि भाव? भंगाराच्या जरा वर.

फायनल_पासिंग

सचिनचा विषय निघालाच आहे तर ती फेरारी कशी विसरता. ३६० मोडेना. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ला फियाटने दिली, शूमाकरच्या हस्ते. मग १ कोटी १३ लाखांच्या कस्टम ड्यूटीवरून केवढा गदारोळ झाला, शेवटी ड्यूटी फियाटनेच भरली. २०११ला गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

मोडेना काही दुर्मिळ नव्हे, हजारोंनी बनल्या. पण ती एक गाडी वेगळी. मालकाच्या नावाने एकच नग क्लासिक होऊ शकतो, मॉडेल नाही. पॅलिओवर सही छापलेली होती, फेरारीच्या स्टिअरिंगवर हात खरे होते.

कर्वे_रोड_सिग्नल

माझ्या पॅलिओला एकदा एका नगरसेवकाने धडक दिली होती. भाव वाढेल का?

टाकीफुल्ल

चारचाकी नाही म्हणून हाकलू नका, पण हा प्रश्न आपल्याकडे आधीच सुटलाय. राजदूत ३५०.

१९८३ला आली. यामाहाची आरडी, एस्कॉर्ट्सने इथे बनवलेली. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. बुलेटच्या देशात लोकांना कळेचना हिचं करायचं काय. पेट्रोल प्यायची, पार्ट मिळायचे नाहीत, आणि गावात अशी गाडी असली की बापाला वाटायचं पोरगं एकतर मरणार नाहीतर मंगळसूत्रं ओढणार. दशक संपता संपता बंद पडली. आमच्या गल्लीत एक होती, इंजिन उतरवून कोणीतरी उसाच्या गुऱ्हाळाला जोडायच्या गोष्टी करत होतं. शेवटी भंगारात गेली, किलोवर.

आता तसलं नुसतं चासी-इंजिन कागदपत्रांसकट मिळालं तर माणसं लाखांत बोलतात. तेव्हा नाकारलेली गाडी नंतर क्लासिक होते, कारण नाकारली म्हणून जपली नाही, जपली नाही म्हणून उरली नाही. वन एमला कोणी नाकारलंय कुठे? पहिल्या दिवसापासून कव्हर घालून ठेवलीय. सगळ्याच्या सगळ्या ६,३०९ कुठे ना कुठे शाबूत असतील. कसली दुर्मिळ!

चार_सिलिंडर_निष्ठ

हा मुद्दा मी मांडायला हवा होता. दंडवत.

धोटा

इतक्या वेळ नुसता वाचत होतो. इचलकरंजीचा आहे, घरी माग होते, त्यामुळे माझी आवडती गाडी वेगळ्याच कारणाने आवडती आहे. लेक्सस एलएफए.

टोयोटा घराणं मूळचं मागवाल्यांचं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. साकिची टोयोडांचा माग असा होता की धागा तुटला की यंत्र आपोआप थांबायचं. आमच्या वडिलांना विचारा याची किंमत. तुटलेल्या ताण्यावर तासभर विणलं गेलेलं कापड म्हणजे थेट नुकसान. त्या मागाचे हक्क १९२९ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले आणि मोटारीच्या प्रयोगांना पैशाचं बळ मिळालं.

ऐंशी वर्षांनी त्याच कंपनीने एलएफएसाठी कार्बनचे धागे गोल विणणारा माग स्वतः बनवला. छताला तोलणारे पुढचे खांब त्यावर विणले. त्याचा व्हिडिओ मी वडिलांना दाखवला. गाडीची किंमत, वेग, कशातच त्यांना रस नव्हता. तीनदा मागे नेऊन बघितला आणि म्हणाले, "कांड्या बदलायला थांबत नाही का हा?" (कांडी म्हणजे मागात घालायची धाग्याची रीळ.)

इंजिन ४.८ लिटर व्ही१०, मिनिटाला जास्तीत जास्त ९,००० फेऱ्या. न्यूट्रलवर नुसतं चालू असताना पाय दिला की ०.६ सेकंदात तिथवर पोचतं; काट्याला तेवढ्या वेगात फिरता येईना म्हणून डिजिटल पडदा बसवला. आवाज जुळवायला यामाहाची मदत. २०१० ते २०१२, मोजून ५०० गाड्या. अमेरिकेत किंमत ३ लाख ७५ हजार डॉलर.

आणि खपली का? लोक म्हणाले, एवढ्या पैशात फेरारी येते, लेक्सस कोण घेईल. उत्पादन थांबल्यावर कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या डीलरांकडे कोऱ्या करकरीत गाड्या पडून होत्या. आज तिची किंमत मूळ किमतीच्या कैक पट. म्हणजे @टाकीफुल्ल यांचा 'आधी नाकारली पाहिजे' हा नियम इथे अर्धा लागू होतो: नाकारली, पण भंगारात गेली नाही.

टाकीफुल्ल

तुमच्या वडिलांचा प्रश्न या धाग्यावरचा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे.

हायवे_१०१

भावाचं म्हणाल तर मॅकलरेन एफ१च्या पुढे सगळं फिकं. नवी असताना ५ लाख ४० हजार पौंड, तीही मंदीच्या काळात. सगळ्या मिळून १०६ बनल्या, त्यातल्या साध्या रस्त्यावरच्या ६४. ऑगस्ट २०२१ला पेबल बीचच्या लिलावात एक २ कोटी डॉलरच्याही वर गेली. चालवलेली किती? ३८७ किलोमीटर. पुणे-कोल्हापूर जाऊन परत यायला पण कमी पडतील.

बोनेटखालचा_उंदीर

भावाला परत एकदा बदडावंसं वाटतंय.

बारा_तेरा_पाना

जुन्या गाड्या उभ्या करायचा माझा धंदा आहे, कोल्हापूरच्या बाहेर छोटी शेड आहे. तुम्ही सगळे बाजाराचं बोलताय, मी पाना हातात धरून बोलतो.

माझ्याकडे १९५६ची गाडी आली तर मी घाबरत नाही. कार्बोरेटर उघडतो, बुश नसला तर लेथवर पितळेचा करून घेतो, गॅस्केट शीटमधून कापतो. शिवाजी उद्यमनगरात असं काही नाही जे ओतून, कापून, घासून मिळत नाही. पण २००५च्या पुढची परफॉर्मन्स गाडी आली की पहिला प्रश्न, कंप्युटर बोलतोय का? मॉड्यूल मेलं तर ते लेथवर होत नाही. आत चिपवर जे लिहिलंय ते कंपनीला माहीत. वरच्या त्या मॅकलरेनचीच गंमत घ्या. तिची तपासणी करायला कंपनीच्या माणसांना १९९०च्या दशकातला कॉम्पॅक लॅपटॉप लागायचा, कारण त्यातलं खास कार्ड दुसऱ्या कशात बसायचं नाही. वीस वर्षांनीसुद्धा तेच जुने लॅपटॉप शोधून सांभाळत होते. दोन कोटी डॉलरची गाडी आणि जीव अडकलाय कशात, तर धुळकट लॅपटॉपात. पोपट आणि राक्षसाच्या गोष्टीसारखं.

म्हणून माझी कसोटी वेगळी. कंपनी त्या मॉडेलचे बंद पडलेले पार्ट परत बनवायला लागली की ती गाडी क्लासिक. निसानने डिसेंबर २०१७ला आर३२साठी हे सुरू केलं: नळ्या, वायरिंग, बाहेरची पट्टी, सगळं नवं, जुन्या नमुन्याचं. त्याचा अर्थ कंपनीने कबूल केलं की ही गाडी आता मरू द्यायची नाही. लिलाववाले, मासिकं, रॅली, हे सगळे पाहुणे. पार्ट बनवणारा घरचा.

@लसूणचटणी ताई, आरएसचं वायरिंग परत खाल्लं तर फोटो टाका. पण त्या पाच-सहा कळीच्या वस्तू आत्ताच घेऊन ठेवायला सांगा यजमानांना: इंजिनचा कंप्युटर, कॉइल, एअर फ्लो सेन्सर, टर्बोच्या रबरी नळ्या. दुसरी आरएस भंगारात निघाली असेल तर अख्खी उचला.

लसूणचटणी

दादा, काय बोलताय हे! त्यांनी वाचलं. आता शेडमध्ये दुसऱ्या आरएसला जागा करायची म्हणून द्राक्षाचे क्रेट हलवायची चर्चा सुरू झालीय. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीयेत, कारण धागा मी दाखवला.

कर्वे_रोड_सिग्नल

एक विकायला निघालेल्या ताईंच्या दोन झाल्या. या संस्थळाची ताकद.

चार_सिलिंडर_निष्ठ

@बारा_तेरा_पाना, कसोटी आवडली, एक शंका. त्या हिशोबाने जिच्या चाहत्यांनी पार्ट बनवले पण कंपनीने नाही, ती क्लासिक नाही? आरडीचे पार्ट आज कोण बनवतंय? कंपनी नव्हे, पोरं बनवतायत.

बारा_तेरा_पाना

बरोबर पकडलंत. मग 'कोणीतरी' बनवायला लागलं की, असं करूया. माझ्याच शेडमध्ये आरडीच्या सायलेन्सरचे साचे आहेत आणि मी कंपनी नाही. जाता जाता, वन एमच्या इंजिनावर या दृष्टीने बघा. एन५४ मोठ्या संख्येने बनलं, म्हणून त्याचे पार्ट मिळतात. तुमचं ते खास एस१४ बिघडलं तर काय भाव लागतो ते तुम्हालाच माहीत. मिसळ पचायला सोपी असते.

चार_सिलिंडर_निष्ठ

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

इसारकाठी

आठवडाभर कामात होतो, आत्ता सगळं वाचलं. आजोबांना तुमचे प्रतिसाद तोंडी भाषांतर करून सांगितले. सासू-सुनेचं सांगितलं तेव्हा खोकला येईपर्यंत हसले. आरडीवाला मुद्दा मात्र त्यांना लागला. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तो बरोबर बोलतोय. आम्ही सगळ्यांनी झाकूनच ठेवल्या."

परवा सकाळी दार वाजलं. आजोबा किल्ली घेऊन उभे. टेगर्नझे तलावापर्यंत जाऊन आलो, जाताना त्यांनी चालवली, येताना मला दिली. बाहेर भुरभुर पाऊस, रस्त्यावर मीठ. एरवी अशा दिवशी कव्हरसुद्धा निघालं नसतं. घाटात नव्हे, सरळ गावातून जाताना बसथांब्यावर एक नऊ-दहा वर्षांचं पोरगं दप्तर टाकून उभं राहिलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवत राहिलं. @हायवे_१०१, मला तुमची आठवण झाली.

परत आलो तर तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खाली उभे होते. चाकांच्या वर उडालेला चिखल बघितला, बोट फिरवून बघितलं. म्हणाले काहीच नाही. पण पाण्याची नळी त्यांनी आणून दिली.

टेम्सपलीकडे

तिथलं मीठ खालून नीट धुवायला सांगा हो. बाकीचं नंतर.

लसूणचटणी

आमचाही वृत्तान्त. काल आरटीओत गेलो होतो. मी मुद्दाम सोबत गेले, नापास झाली तर चेहरा बघायला. साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला, चासी नंबर घासून बघितला. मग बॉनेट उघडलं, तंबाखूची पानं बघितली आणि म्हणाले, "माझ्या मेव्हण्याकडे होती ही. वेडा होता तो हिच्यापायी." पास.

येताना ओझरच्या अलीकडे बॅटरी उतरली. धक्का मारायला चार जण आले. त्यातला एक गाडी चालू झाल्यावरही गेला नाही, विचारत होता विकायची आहे का. नवरा नाही म्हणाला.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे.